२००१ चा भाव २००१ मध्येच शोधा

प्रश्न : मी कोथरूडमध्ये सहा वर्षं इस्टेट एजंट म्हणून काम करते, महारेराची नोंदणी आहे. माझ्या क्लायंटच्या वडिलांनी १९८६ मध्ये नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. वडील २०१२ मध्ये गेले. आता मुलगा आणि अमेरिकेत राहणारी त्याची बहीण मिळून तो ७२ लाखांना विकताहेत. खरेदीखत याच आर्थिक वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये व्हायचं आहे. विक्रीच्या नफ्यावरच्या कराच्या हिशेबासाठी त्यांच्या सीएंनी सांगितलं आहे, "१ एप्रिल २००१ चा भाव लेखी आणा." २००१ मध्ये मी शाळेत होते. एका जुन्या एजंटनी सुचवलं, की आजच्या भावावरून वर्षाला आठ टक्के या हिशेबानं मागे जायचं. क्लायंटचं म्हणणं, आकडा जरा वरच धरा, टॅक्स वाचेल. त्यांची फुरसुंगीला २००६ मध्ये एनए (बिगरशेती) झालेली दहा गुंठे जागाही आहे, तिचाही जुना भाव पुढेमागे लागेल. हे काम कसं करू आणि कागदावर काय लिहून देऊ?

उत्तर :

आठ टक्क्यांची रीत आधी मनातून काढून टाका. ती का चुकते हे आकड्यांतच दिसतं. ७२ लाखांवरून पंचवीस वर्षं मागे जायचं. आठ टक्के धरले तर साधारण १०.५ लाख येतात. सहा धरले तर १६.८ लाख, दहा धरले तर ६.६ लाख. फ्लॅट तोच, तारीख तीच, आणि उत्तरात दहा लाखांचा फरक. म्हणजे उत्तर फ्लॅटमधून येतच नाही, तुम्ही निवडलेल्या टक्क्यातून येतं. पुण्या-मुंबईचा बाजार असा सरळ रेषेत चढलेलाही नाही. १९९५ च्या आसपास भाव शिखरावर होते, मग उतरत गेले आणि २००२-०३ पर्यंत मंदीच होती. १ एप्रिल २००१ ही तारीख त्या मंदीतच येते. त्यातून आजच्या ७२ लाखांमध्ये २००१ साली नसलेल्या किती तरी गोष्टी धरलेल्या आहेत. वनाज मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली, चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ मध्ये. सोसायटीत पुनर्विकासाची नुसती चर्चा असली तरी तीही आजच्या भावात उतरलेली असते. २००१ च्या खरेदीदारानं यातल्या कशाचेही पैसे मोजले नसते.

म्हणून या कामात एकच प्रश्न धरून ठेवायचा : त्या दिवशी हा फ्लॅट, त्या दिवशीच्या अवस्थेत, त्या वेळी कळत होतं तेवढ्यावर कोणी केवढ्याला घेतला असता? पुरावाही त्याच काळातला हवा.

कायद्याला काय हवं आहे तेवढं थोडक्यात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी मूळ खरेदी किंमत किंवा त्या तारखेचा रास्त बाजारभाव, यातलं जे सोयीचं ते करदात्याला धरता येतं. वारसानं आलेल्या घराला वडिलांची खरेदी लागू होते, त्यामुळे २०१२ मध्ये मालक झालेल्या या भावंडांनाही २००१ चा भाव चालतो. (२०१७ च्या वित्त कायद्यापर्यंत ही तारीख १९८१ ची होती. जुन्या एजंटांच्या तोंडी अजून '८१ चं व्हॅल्युएशन' येतं, ते त्यामुळे.) पण २०२० च्या वित्त कायद्यानं एक मर्यादा घातली. जमीन किंवा इमारतीचा २००१ चा बाजारभाव, त्या तारखेचं मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य उपलब्ध असेल तर, त्या मूल्याच्या वर धरता येत नाही. आपल्याकडे ते मूल्य म्हणजे रेडी रेकनर, सरकारी भाषेत शीघ्रसिद्ध गणक : भागाभागाच्या सरकारी दरांचा वार्षिक तक्ता.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रेकनर ही कमाल मर्यादा आहे, ते उत्तर नाही. बाजारभाव रेकनरपेक्षा जास्त निघाला तर रेकनरवर थांबायचं. कमी निघाला तर जो निघाला तोच. सरसकट रेकनरचा आकडा उतरवून देणारे बरेच आहेत. मंदीच्या काळातल्या तारखेसाठी ते जपूनच करायला हवं.

आता सही कोणाची? बाजारभावाचा अहवाल आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या मूल्यांककानं द्यायचा असतो. स्थावर मालमत्तेसाठी त्याचा नमुना ओ-१ असतो. अहवाल जोडलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण प्रश्न निघाला की उभा राहणारा कागद तोच. एजंटच्या लेटरहेडवरचा 'व्हॅल्युएशन' नावाचा कागद टिकत नाही, आणि तुम्हाला नाहक अडकवतो. तुमचं काम वेगळं आहे, आणि मूल्यांककाइतकंच गरजेचं आहे : त्या काळातले व्यवहार शोधून, तपासून, एका मापात आणून त्याच्या हातात देणं. तो तुमच्या गल्ल्यांतून फिरलेला नसतो. कोणती इमारत रस्त्याला लागून आहे, कुठे पाण्याची बोंब होती, कोणत्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होणं) अडकलेलं होतं, हे तुम्हाला चार दारं ठोठावून कळतं.

सुरुवात फ्लॅटपासून करा. आज समोर दिसतो तो नको, २००१ मध्ये होता तो हवा. १९८६ चा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, आणि २००१ च्या आसपासची मिळकतकराची पावती मिळवा. करारनाम्यात क्षेत्र कोणतं लिहिलं आहे ते पाहा. रेकनर बांधीव (भिंतींसकट) क्षेत्रावर चालतो. कार्पेट (भिंतींच्या आतलं) दिलेलं असेल तर बांधीव करायला १.२ नं गुणायची पद्धत अनेक वर्षं चालत आली आहे. रेरा कार्पेटसाठीचा १.१ हा गुणक अलीकडचा, तो जुन्या करारनाम्याला लावू नका. आज जाहिरातीत तुम्हीच जो '९०० फूट सेलेबल' (सामाईक जागा धरून) लिहिला असेल तो आकडा या कामात कुठेही येता कामा नये. समजा करारनाम्यात ७०० चौरस फूट बांधीव आहे. त्याला १०.७६४ नं भागलं की ६५ चौरस मीटर. सगळा हिशेब चौरस मीटरमध्येच ठेवा, कारण दस्तही त्यात असतात आणि तक्ताही.

वयाची चूक फार सहज होते. इमारत आज चाळीस वर्षांची आहे म्हणून चाळीस वर्षांचा घसारा लावून मोकळे होतात. १ एप्रिल २००१ ला ती पंधरा वर्षांची होती, घसारा पंधरा वर्षांचाच. तसंच २००८ मध्ये बाल्कनी आत घेतली, २०१५ मध्ये फरशी बदलली, यातलं काहीही २००१ च्या भावात धरायचं नाही. त्यातला जो खर्च सुधारणेत बसतो तो बिलं असतील तर सीए वेगळा दाखवतील. उलट २००१ पूर्वी केलेलं काम वेगळं मागता येत नाही, ते त्या दिवशीच्या भावात धरलेलंच असतं. आणि एक : इमारतीचा मधल्या काळात पुनर्विकास झालेला असेल, तर नव्या फ्लॅटचं क्षेत्र घेऊन २००१ चा दर लावणं साफ चूक आहे. त्या दिवशी उभा होता तो जुना फ्लॅट, तेवढंच क्षेत्र. अशा प्रकरणात पुढे जाण्याआधी सीएंशी बोला, तिथे आकारणीचे आणखी प्रश्न असतात.

मग रेकनर. त्या काळी दरतक्ता १ जानेवारीला लागू व्हायचा आणि ३१ डिसेंबरपर्यंत चालायचा. १ एप्रिलची पद्धत २०१६ पासूनची. त्यामुळे तुम्हाला २००१ या कॅलेंडर वर्षाचा तक्ता हवा. आर्थिक वर्षाच्या सवयीनं २००२ चं पान उघडलं की दर चुकला. संकेतस्थळावर शोधण्यात दिवस घालवू नका, इतक्या जुन्या वर्षासाठी छापील पुस्तक गाठा. जुन्या मूल्यांककांकडे आणि मुद्रांकाचं काम करणाऱ्या वकिलांकडे ती जपून ठेवलेली असतात. पण पुस्तकातला दर फक्त तुमच्या माहितीसाठी. जोडायला अधिकृत प्रत हवी. सह जिल्हा निबंधक वर्ग १ तथा मुद्रांक जिल्हाधिकारी, पुणे शहर यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा : जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. मुदत तीस दिवसांची. अर्जात 'कोथरूडचा रेडी रेकनर द्या' असं मोघम लिहू नका. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सिटी सर्व्हे नंबर लिहा आणि तीन गोष्टी मागा : तो नंबर ज्या मूल्य विभागात येतो त्याचं दराचं पान, विभागाची हद्द दाखवणारं पान किंवा नकाशा, आणि त्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना. सूचनांशिवाय दराचं पान निम्मं निरुपयोगी आहे. घसारा किती, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्याला काय, गच्चीचं क्षेत्र कसं धरायचं, हे सगळं सूचनांमध्ये असतं आणि वर्षागणिक बदलत आलं आहे. आजच्या सूचना २००१ च्या दराला लावल्या की मर्यादाच चुकीची निघते. दराच्या पानावर खुली जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे रकाने असतात. निवासी सदनिकेचाच रकाना घेतला आहे ना, हे बोट ठेवून पाहा.

आता खरं काम, म्हणजे त्या काळातले व्यवहार. मुंबईतले दस्त नोंदणी खात्याच्या ऑनलाइन शोधात १९८५ पर्यंत मागे जातात. उर्वरित महाराष्ट्रात तो शोध २००२ पासूनचा. म्हणजे पुण्यातल्या २००१ च्या दस्तासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात प्रत्यक्ष शोध घ्यावा लागणार. हवेली तालुक्याची, म्हणजे पुण्याची, कार्यालयं एकाहून जास्त आहेत, एका ठिकाणी सापडलं नाही म्हणून व्यवहार झालेच नाहीत असं समजू नका. सूची क्रमांक १ नावावर लागलेली असते, सूची क्रमांक २ मिळकतीवर. तुम्हाला दुसरी हवी. तिथे सोसायटीचं नाव घेऊन काही सापडत नाही, गाव आणि सर्व्हे नंबर घेऊन जा. आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांचे सर्व्हे नंबर आधीच लिहून न्या, म्हणजे एकाच शोधात काम होईल. शोध फी भरून पावती घ्या आणि ती फायलीत ठेवा. काळ ऑक्टोबर २००० ते सप्टेंबर २००१ एवढाच धरा. त्यातही १ एप्रिलच्या अलीकडचे-पलीकडचे तीन महिने सगळ्यात मोलाचे.

सूची क्रमांक २ चा उतारा हातात आला की आधी दस्ताचा प्रकार वाचा. बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र लगेच बाजूला. नंतर तारीख. दस्त केल्याची आणि नोंदवल्याची तारीख वेगळी असू शकते, आपल्याला केल्याची हवी. नंतर क्षेत्र, मजला, पार्किंग. आणि मग मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बाजारमूल्य वेगळं लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर त्या दस्ताचं रेकनर मूल्य स्वतः काढा आणि मोबदल्याशेजारी लिहा. ही दोन आकड्यांची तुलना करणं अगदी महत्त्वाचं आहे. मोबदला आणि रेकनर मूल्य अगदी रुपयाला रुपया जुळत असतील, तर मोबदला रेकनर पाहून लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. तो दस्त बाजाराबद्दल फारसं काही सांगत नाही. मोबदला रेकनरपेक्षा स्पष्ट वेगळा आहे तिथे बाजार बोलतो. त्या काळी काही रक्कम रोखीत जायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'तेव्हा चाळीस टक्के ब्लॅक चालायचं' म्हणून आकडा फुगवता येत नाही. कागदावर नसलेले पैसे पुरावा होत नाहीत.

बिल्डरकडून घेतलेल्या नव्या फ्लॅटचे करारनामे दुय्यम दर्जाचे समजा. त्यांचा भाव बुकिंगच्या दिवशी ठरलेला असतो, करार बऱ्याच महिन्यांनी होतो. शिवाय पंधरा वर्षांच्या फ्लॅटची तुलना कोऱ्या फ्लॅटशी होत नाही. रीसेलचे तीन चांगले दस्त हे नव्या फ्लॅटच्या दहा दस्तांपेक्षा भारी आहेत. दस्त अपुरे पडले तर सोसायटीच्या हस्तांतर नोंदवहीतून २०००-०१ मध्ये कोणते फ्लॅट विकले गेले ते कळतं, मग त्या मालकांकडे करारनाम्याची प्रत किंवा त्या वेळच्या गृहकर्जाचं मंजुरीपत्र, बँकेचा मूल्यांकन अहवाल मागता येतो. वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतल्या जाहिराती पाहा, पण तो मागितलेला भाव असतो. दिशा पडताळायला ठीक, आकडा ठरवायला नाही. मिळकतकराचं वार्षिक करयोग्य मूल्य या कामाचं नाही, ते भाड्याच्या हिशेबावर उभं असतं.

रीत नजरेसमोर यावी म्हणून आकडे घालून दाखवतो. हे आकडे मानलेले आहेत, कोथरूडचा प्रत्यक्ष दर म्हणून वापरू नका. समजा तीन रीसेल दस्त सापडले. पहिला नोव्हेंबर २००० चा, शेजारच्या इमारतीतला, पहिला मजला, ५८ चौरस मीटर, ५,१०,००० रुपये. चौरस मीटरला ८,७९३. दुसरा फेब्रुवारी २००१ चा, आपल्याच सोसायटीतला, दुसरा मजला, ६५ चौरस मीटर, ५,६०,०००. दर ८,६१५. तिसरा जून २००१ चा, मागच्या गल्लीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीतला, तिसरा मजला, ७२ चौरस मीटर, ६,००,०००. दर ८,३३३.

पहिला मोह सरासरी काढण्याचा होतो. काढू नका. दर उतरत गेला आहे, पण दोन कारणं एकदम दिसताहेत : महिने पुढे सरकले आणि मजलाही वर गेला. यातलं किती मंदीमुळे आणि किती जिन्यामुळे, हे या तीन दस्तांवरून वेगळं करता येत नाही. म्हणून जवळचा कोण ते पाहायचं. दुसरा दस्त त्याच सोसायटीतला, तितक्याच क्षेत्राचा, तारखेच्या दोनच महिने आधीचा आहे, फक्त एक मजला खाली. तिसरा मजल्यानं जुळतो, पण इमारत वेगळी आणि फ्लॅट थोडा मोठा. आपला फ्लॅट या दोघांच्या मध्ये, आणि जिन्यामुळे तिसऱ्याकडे झुकलेला. ८,३०० ते ८,५०० हा पट्टा मग सांगता येतो : ६५ चौरस मीटरला ५,३९,५०० ते ५,५२,५००. त्याच इमारतीतल्या खालच्या-वरच्या मजल्यांचे जवळच्या तारखेचे दोन दस्त मिळाले तर फारच उत्तम, मजल्याचा फरक थेट तिथूनच उचला. आज लिफ्ट नसली की गिऱ्हाईक केवढं पाडून मागतं त्यावरून २००१ चा फरक ठरवू नका.

आता मर्यादा. समजा त्या विभागाचा निवासी दर ९,५०० होता आणि त्या वर्षीच्या सूचनांप्रमाणे पंधरा टक्के घसारा बसला. ६५ गुणिले ९,५०० म्हणजे ६,१७,५००, त्यातून पंधरा टक्के गेले की ५,२४,८७५. दस्त साडेपाच लाखांच्या आसपास सांगत असले तरी धरता येणार सव्वापाच लाख. आणि रेकनर साडेसहा लाख निघाला असता, तर उत्तर साडेसहा लाख झालं नसतं, ते दस्तांनी सांगितलेल्या पट्ट्यातच राहिलं असतं.

क्लायंटचा 'जरा वर धरा' हा आग्रह तुम्ही फायद्याचं गणित मांडून शांतपणे परतवू शकता, आणि ते गणित त्यांना पटेल असंच आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकानं न वाढवता) १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो, आणि दोन्हींत कमी असेल तेवढाच भरायचा. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६. आपल्या मानलेल्या उदाहरणात ७२ लाखांतून सव्वापाच लाख वजा केले की नफा ६६,७५,००० आणि १२.५ टक्क्यांनी कर ८,३४,३७५. इंडेक्सेशननं सव्वापाच लाखांचे १९,७४,००० होतात, नफा ५२,२६,०००, कर १०,४५,२००. उपकर, सूट वगैरे बाजूला ठेवलं तरी १२.५ टक्क्यांचा रस्ता दोन लाखांनी स्वस्त. आणि त्या रस्त्यानं २००१ चा भाव एक लाखानं फुगवून वाचतात किती? साडेबारा हजार. दोघा भावंडांत मिळून. तेवढ्यासाठी विवरणपत्रात चुकीची माहिती घालायची, आणि तीही रेकनरच्या मर्यादेवर जाऊन पहिल्याच नजरेत पकडली जाईल अशी!

या वर्षाच्या निर्देशांकानं विक्रीची किंमत २००१ च्या भावाच्या ८.३६ पटींहून जास्त असेल, तर १२.५ टक्केच फायद्याचे पडतात. जिथे भाव तेवढे वाढले नाहीत तिथे इंडेक्सेशन उपयोगी ठरतं, आणि तिथे फुगवलेल्या एका लाखामागे ७५,२०० रुपये कर कमी होतो. दबाव तिथे जास्त येईल, म्हणून त्या प्रकरणांत तुमची फाइल अधिक पक्की हवी. पूर्वी मूल्यांककानं भाव चढा दाखवला तर खात्याला तो स्वतःच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवण्यात अडचण होती, कारण तरतूद कमी दाखवलेल्या भावापुरती होती. जुलै २०१२ पासून ती वाट बंद झाली. भाव वर असो की खाली, बाजारभावाशी जुळत नाही एवढं पुरतं.

बहिणीचा हिशेब वेगळा मांडायला सीएंना आठवण करा. अनिवासी असल्यानं तिला २० टक्क्यांचा पर्याय नाही, तिच्या हिश्शावर १२.५ टक्केच. शिवाय तिच्या हिश्शाच्या रकमेवर खरेदीदाराला अनिवासी म्हणून टीडीएस कापावा लागतो, भावाच्या हिश्शासारखा एक टक्का नाही. ती कपात प्रत्यक्ष नफ्यापुरती व्हावी म्हणून तिला आधी खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घेता येतं, आणि त्या अर्जातल्या नफ्याच्या हिशेबात २००१ चा भाव लागतो. म्हणजे हा कागद विवरणपत्राच्या वेळी नको आहे, खरेदीखताच्या आधी हवा आहे. माहिती अधिकाराचे तीस दिवस त्यात धरा आणि अर्ज या आठवड्यातच टाका.

फुरसुंगीच्या जागेला हीच रीत, फक्त तिथे चुका वेगळ्या होतात. जागा २००६ मध्ये एनए झाली, म्हणजे २००१ मध्ये ती शेतजमीन होती. एनए प्लॉटचे दर आणि एनए प्लॉटचे दस्त, दोन्ही बाद. २००१ चा सातबारा काढा. जिरायत की बागायत ते पीकपाहणीच्या रकान्यात दिसेल, आणि तेव्हाचे फेरफार वाचले की जागेवर कूळ, वाटणी किंवा आणखी कसली नोंद होती का ते कळेल. पुणे प्रादेशिक योजना १९९७ ची आहे. त्या योजनेत हा गट कोणत्या झोनमध्ये होता त्याचा दाखला घ्या, कारण २००१ चा खरेदीदार भविष्याची आशा करत असेल तर ती त्या नकाशावरूनच. गाव २०१७ पर्यंत महापालिकेत नव्हतं, त्यामुळे दर शहराच्या तक्त्यात न शोधता ग्रामीण किंवा प्रभाव क्षेत्राच्या (शहरालगतच्या भागाच्या) तक्त्यात शोधा. नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ पर्यंत लागू होता, तेव्हा जागेला तो अडसर होता का हेही पाहून ठेवा. असेल तर मोकळ्या जागेचा भाव तिला लागत नाही.

क्षेत्राची एक बारीक गोष्ट. बोलताना आपण आरला गुंठा म्हणतो. सातबाऱ्यावर ०.१० हेक्टर-आर लिहिलं असेल तर ते १,००० चौरस मीटर. मोजणीचे खरे दहा गुंठे म्हणजे १,०११.७. कागदावर जे आहे तेच धरा. रस्ता तेव्हा किती रुंद होता, की बांधावरूनच जावं लागायचं, हे शेजारच्या जुन्या खातेदाराला विचारा. जमिनीच्या भावात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. एनए करायला झालेला खर्च २००१ नंतरचा आहे, त्याची चलनं आणि पावत्या क्लायंटकडून आताच गोळा करून ठेवा.

राहिलं तुमचं पत्र. त्याला 'बाजार माहिती पत्र' म्हणा. मूल्यांकन, व्हॅल्युएशन, प्रमाणपत्र हे शब्द नकोत. ते मूल्यांककाच्या नावे लिहा, 'ज्याच्याशी संबंध येईल त्याला' असं नको. फ्लॅटचं वर्णन १ एप्रिल २००१ च्या स्थितीचं द्या आणि ते कोणत्या कागदावरून घेतलं ते लिहा. प्रत्येक दस्ताचा क्रमांक, कार्यालय, दस्ताची तारीख, क्षेत्र, मजला, मोबदला, रेकनर मूल्य आणि चौरस मीटरचा दर तक्त्यात मांडा. जे दस्त वगळले तेही कारणासह लिहा. वगळलेल्यांची यादी पाहून वाचणाऱ्याला कळतं, की सोयीचे तेवढे निवडलेले नाहीत. शेवटी पट्टा सांगा, एकच आकडा देऊ नका. अंतिम आकडा मूल्यांकक ठरवेल. पत्राखाली एवढी ओळ असू द्या : 'हे पत्र उपलब्ध नोंदणीकृत दस्तांच्या माहितीवर आधारित असून मूल्यांकन अहवाल नाही. यासाठी घेतलेलं शुल्क ठरावीक असून भावाच्या आकड्यावर अवलंबून नाही.' आणि शुल्क खरोखर तसंच घ्या, शोधाला लागणाऱ्या दिवसांच्या हिशेबानं, पत्र देण्याआधी ठरवून. सूचीचे उतारे, शोध फीच्या पावत्या, दराची पानं आणि सूचनांच्या प्रती यांचा एक संच मूल्यांककाला, एक सीएंना द्या. तिसरा तुमच्याकडे निदान आठ वर्षं ठेवा. खात्याची विचारणा विक्रीनंतर काही वर्षांनीही येऊ शकते.